आईकडे स्मार्टफोन नाही, मग तिने गाडीची वेळ कुठे बघायची?

गेल्या महिन्यात आई एकटीच मावशीकडे जाऊन आली. वय ७६. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली आणि आमच्या आईला पाय फुटले. मला त्याचा आनंदच आहे.

परतीला एका स्टँडवर गाडी बदलायची होती. चौकशीची खिडकी बंद. भिंतीवरचं वेळापत्रक रंगकामात गेलेलं, त्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. शेजारच्या पोराला विचारलं तर म्हणाला, "आजी, ॲपवर बघा ना." आईचा फोन बटनांचा. दोन तास बसून राहिली. तेवढ्यात तिची गाडी दुसऱ्या टोकाला लागून निघूनही गेली होती.

आता लगेच "काळाबरोबर चला" म्हणू नका. मी ॲपच्या विरोधात नाही. २०१० साली एम-इंडिकेटर आलं तेव्हा हौसेने घेणाऱ्यांत मीही होतो, आजही वापरतो. पण त्याआधी डोंबिवलीला स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडे लोकलच्या वेळापत्रकाची छोटी पुस्तिका मिळायची. बाबांच्या शर्टाच्या खिशात ती कायम असायची, त्यांच्या ठरलेल्या गाडीखाली लाल रेघ. कसाऱ्याला एन, कर्जतला एस हे मी त्यातच शिकलो. (इंडिकेटरवर धिम्या गाडीलाही एस, त्यामुळे नवा माणूस आजही गोंधळतो.) ॲपला आधी सांगावं लागतं कुठून कुठे जायचंय. पुस्तिका चाळताना न विचारलेलंही कळायचं. टिटवाळ्याच्या पुढे गाड्या किती विरळ होतात ते मला कसाऱ्याला न जाताच ठाऊक होतं.

पण माझा खरा मुद्दा आठवणींचा नाहीच.

भिंतीवर लिहिलेली वेळ म्हणजे महामंडळाने गावाला दिलेला शब्द असतो. संध्याकाळची साडेपाचची गाडी पाटीवर आहे आणि चार दिवस आली नाही, तर कुणीही बोट दाखवून विचारू शकतो, "साहेब, ही कुठाय?" ॲपमधून तीच गाडी काढली तर कुणाला पत्ताही लागत नाही. भांडायचं कशाच्या जोरावर?

आणि एसटीत बसतंय कोण बघा. पंचाहत्तरीपुढचे मोफत. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. शाळेच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. म्हणजे सरकारनेच ज्यांना आग्रहाने गाडीत बोलावलं, त्यांच्यातच फोन नसलेले, किंवा घरात एकच फोन आणि तोही नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या खिशात, असे सगळ्यात जास्त. तिकीट माफ केलंत, पण गाडी कधी आहे ते सांगायचं राहूनच गेलं.

वेळा बदलतात, छापलेलं जुनं होतं, हे मान्य. मग एक कागद बदला! स्टँडवरच्या गाड्या काही रोज बदलत नाहीत. पहिली गाडी, शेवटची गाडी, मधल्या वेळा, फलाट नंबर. मोठ्या अक्षरांत, मराठीत. शेजारी क्यूआर कोड लावायचा तर खुशाल लावा. शहरात बसथांब्यावर नुसते आकडे लिहून भागत नाही, ती बस कुठून कुठे जाते याची एक रेघ काढा. हे करायला माणसं आपल्याकडे आहेत. मुंबईच्या रेल्वेचा सुटसुटीत नकाशा आयआयटी मुंबईच्या मंदार राणे यांनी करून दाखवलाय. अडतंय ते भिंतीवर लावण्यापाशी.

आगार व्यवस्थापकांना अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तोवर आता राहतो त्या गावच्या स्टँडवर दोन दिवस बसून, कंडक्टरांना विचारून सगळ्या वेळा लिहून काढल्या. एका कागदावर टाइप केल्या, लॅमिनेट करून चहाच्या टपरीवर लावल्या. तुमच्या स्टँडवर पाटी असेल तर फोटो पाठवा, नसेल तर रिकाम्या भिंतीचा पाठवा. अर्जाला जोडतो.

काल टपरीवाल्याचा फोन आला होता. म्हणाला, "आणखी दोन द्या. आधीचा कुणीतरी घरी घेऊन गेलं."