रेल्वे, तबकडी आणि तुमची बीएस्सी

नारायणगाव किंवा मंचरच्या स्टँडवर पुणे-नाशिक रेल्वेचा विषय नुसता काढून बघा. पाच मिनिटांत कोणीतरी म्हणणारच, "त्या खोडदच्या दुर्बिणीनं घालवली आपली रेल्वे." जीएमआरटीच्या निरीक्षणांत अडथळा येईल म्हणून आपल्या भागातून जाणारा मार्ग बदलायचं रेल्वे मंत्रालयानं सांगितलं, तेव्हापासून हा राग आहे. तो साहजिकच आहे. पण तुम्ही फिजिक्सला असाल, तर तुमच्याकडून रागापेक्षा थोडं जास्त अपेक्षित आहे.

कारण हे भांडण मुळात फिजिक्सचं आहे. विजेवर धावणाऱ्या गाडीचा पँटोग्राफ वरच्या तारेला घासतो, ठिणग्या उडतात आणि त्यातून रेडिओ लहरी निघतात. इकडे खोडदच्या तबकड्या दूरच्या दीर्घिकांकडून येणारे संकेत टिपतात. ते मोजायचं एकक आहे जान्स्की. एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झमागे किती वॅट? दशांश चिन्हानंतर पंचवीस शून्यं आणि मग एक! आता सांगा, रूळ किती किलोमीटर लांब हवेत? मध्ये डोंगर असला तर गोंगाट किती डेसिबलनं उतरेल? बोगदा केला तर? हे सगळं मोजता येतं. पण मोजणाऱ्यांत आणि त्या मोजमापावर शंका काढणाऱ्यांत जुन्नर-आंबेगावची पोरं किती?

आपल्याकडे फिजिक्स बहुतेक वेळा निवडलं जात नाही, ते उरतं. नीटमध्ये मार्क कमी पडले, इंजिनिअरिंगची फी झेपेना, मग बीएस्सी. आणि दुसऱ्या वर्षापासून बॅगेत एमपीएससीची पुस्तकं. एमपीएससी वाईट नाही हो, पण मग तीन वर्षं प्रॅक्टिकलची जर्नल उतरवून काढण्यात कशाला घालवायची?

खोडदची तबकडी एकदा जवळून बघा. ४५ मीटर व्यासाची, आणि आरपार आभाळ दिसतं! पत्र्याऐवजी स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे. तरंगलांबीच्या मानाने भोकं लहान असली की लहरींना जाळी आणि पत्रा सारखाच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या राहिल्या. ज्यांच्या नेतृत्वाखाली हे झालं ते गोविंद स्वरूप अलाहाबाद विद्यापीठाचे फिजिक्सचे एमएस्सी. जाळीमागचं तत्त्व तुमच्या सिलॅबसमध्येही आहे, फक्त तिथे ते पाच मार्कांचं असतं.

पोटापाण्याचं काय, हा प्रश्न घरी विचारला जाणारच, आणि तो रास्त आहे. खरं सांगायचं तर नुसत्या बीएस्सीवर फार दारं उघडत नाहीत. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटच्या भरतीला फिजिक्सची बीएस्सी चालते, बीएड करून शाळेत जाता येतं. पुढे जायचं तर आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम द्या आणि तयारी शेवटच्या वर्षाची वाट न बघता आत्ताच सुरू करा. एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल आहे. कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रुग्णाला रेडिएशनचा डोस किती द्यायचा याचं गणित मेडिकल फिजिसिस्ट बघतो. हे काम आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊकच नाही. संशोधनात जायचं तर नेट, जेस्ट. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, पण जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार रुपये फेलोशिप असते. बापाकडे हात पसरावा लागत नाही.

इंग्रजीची भीती वाटते? गणिताची वाटायला हवी. इंग्रजी वर्षभरात जमतं, कच्चं राहिलेलं कॅलक्युलस मात्र एमएस्सीपर्यंत पाठ सोडत नाही.

आयुका आणि एनसीआरए कॉलेजच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेत आलेत, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला गेलात तर तबकडीसोबत सेल्फी काढाच, पण तिथल्या इंजिनिअरला गाठून विचारा, "रेल्वेचा गोंगाट इथे किती डेसिबल आला असता, आणि तुम्ही तो कसा काढला?" उत्तर डोक्यावरून गेलं, तर कुठल्या शब्दापासून गेलं ते वहीत लिहून आणा आणि सोमवारी सरांना विचारा.