कोरे कापड विकू नका, रंगाईही शिका

आमचा धंदा कापडाचा. भिवापूरचे नाव काढले की लोकांना मिरची आठवते. मिरचीचा पैसा हातात आला की इथल्या लग्नांचे कापड विकले जाते, म्हणून लाल रंगाच्या छटा ओळखणे आमच्या नजरेत मुरले आहे. आज आम्ही कॅमेऱ्याविषयी लिहीत आहोत याचे व्यापारी बंधूंनी नवल करू नये. गोष्ट रंगाची आहे आणि आपल्या मुलांच्या रोजीरोटीचीही आहे.

आमच्या घरातील एका लग्नात नवरीचा शरारा डाळिंबी होता. कापड आमच्याच दुकानातले. महिन्याने फोटो आणि व्हिडिओ हाती आले तेव्हा तोच शरारा विटकरी दिसत होता. शूटिंग करणारा मुलगा ओळखीचा, मेहनती. त्याला विचारले तेव्हा कळले की रंगाचे काम त्याने मोठ्या शहरात पाठवले होते. तिथल्या माणसाने शरारा कधी पाहिलाच नव्हता. मुलाने आमच्यासमोर फोटोची मूळ फाइल उघडली, हॉलच्या पिवळ्या दिव्यांचा हिशेब दुरुस्त केला आणि डाळिंबी रंग परत आला. व्हिडिओ मात्र सुधारला नाही. विटकरीपणा काढू गेले की चेहरे निळे पडत. कारण फोटो ‘रॉ’मध्ये घेतलेले होते आणि व्हिडिओ साध्या पद्धतीने.

‘रॉ’ म्हणजे आपल्या भाषेत कोरे कापड. कॅमेऱ्याच्या आतील सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बारीक जाळी असते. त्यात निम्म्या गाळण्या हिरव्या असतात. प्रत्येक ठिपका फक्त आपल्या गाळणीतून आलेला प्रकाश मोजतो. ही मोजमापे जवळपास जशीच्या तशी ठेवली की झाली रॉ फाइल. १४ बिटच्या फाइलमध्ये प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या उरतात आणि रंगही कॅमेराच ठरवून टाकतो. पक्के रंगवलेले कापड पुन्हा दुसऱ्या रंगात काढायचे किती कठीण, हे आपल्याला सांगायला नको. व्हिडिओत ‘लॉग’ नावाचा मधला प्रकार आहे. ती रॉ नव्हे, पण १० बिटमध्ये घेतली तर रंगाला बरीच जागा ठेवते. मात्र ज्या जागी प्रकाश जास्त होऊन सगळे पांढरे झाले, तिथे कोणताच उस्ताद रंग परत आणू शकत नाही. भोक पडलेल्या कापडावर रंग कुठे चढवणार?

आता मुद्द्याचे. मालेगावने वर्षानुवर्षे यंत्रमागावर कोरे कापड विणले आणि ते रंगाई-छपाईसाठी बालोतरा, पालीकडे पाठवले. माग चालवणाऱ्याच्या कानाला खडखडाट आला आणि रंगाईची कमाई दुसऱ्या गावी गेली. त्याच मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पैसा थोडा, साधने तुटपुंजी, पण शूटिंगपासून संकलनापर्यंत बरेचसे काम गावातच शिकून केले. पुढे २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ पडद्यावर आला. एकाच गावाचे हे दोन धडे आहेत. आपली लग्नाची शूटिंग करणारी मुले आज पहिल्याच वाटेने चालली आहेत. दिवसभर उभे राहून कोरा माल काढायचा आणि रंगाईला बाहेर पाठवायचा.

काही जण म्हणतात, रॉला जागा फार लागते, संगणक चांगला हवा, वेळ जातो. खरे आहे. म्हणून प्रत्येक कामात रॉ वापरावी असे आम्ही म्हणत नाही. दुकानातल्या साडीचा फोटो गिऱ्हाइकाला फोनवर पाठवायचा असेल तर दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढला तरी पुरे. पण जो या धंद्यात पोट भरणार आहे त्याने रंगाई शिकलीच पाहिजे. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ हा सिनेमावाले वापरतात तोच प्रोग्राम, त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. सुरुवातीला करड्या कार्डाचा एक फोटो घ्यावा, आधी उजेड आणि पांढरा रंग जुळवावा, मग चेहऱ्याचा रंग पाहावा, शोभा शेवटी. रंगरेजही आधी खळ काढतो, मग रंगात बुडवतो. मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात.

आणि बंधूंनो, हे हुनर फसवणुकीसाठी वापरू नये. तिखटात रंग मिसळणारा आणि फोटोत फिका माल गडद दाखवणारा यांत आम्हाला फरक दिसत नाही. माल परत येतो, त्याबरोबर पतही जाते.

ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनीही शूटिंगचा भाव करताना रंगाईची मजुरी वेगळी धरावी आणि ती याच मुलांना द्यावी. ज्याने शरारा डोळ्यांनी पाहिला, त्याच्याच हातून त्याचा रंग खरा उतरेल.