हॉल नाही मिळाला? चावडी आहे की!

२० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला बारा वर्षं झाली. त्या निमित्ताने आम्ही दहा-पंधरा जणांनी तालुक्याच्या गावी एक व्याख्यान ठरवलं होतं. विषय एकदम साधा होता: साप चावला तर काय करायचं आणि काय नाही. हॉलवाले आधी हो म्हणाले, दोन दिवस राहिले आणि नाही म्हणाले. कारण काय, तर "तुमचा कार्यक्रम देवाधर्माच्या विरोधात असतो म्हणे."

हॉलचं नाव घेत नाही. भांडण हॉलशी नाहीच, त्या "म्हणे"शी आहे.

म्हणेवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे. जादूटोणाविरोधी कायदा वाचलाय का? दाभोलकर गेले आणि चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. पूजा, यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं खुद्द कायद्यातच लिहिलंय. सांगा बरं, बीड जिल्ह्यातल्या कोणत्या नारळी सप्ताहाचा मंडप या कायद्याने उतरवला? परळीच्या वैजनाथाची किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीची कोणती आरती थांबली?

कायदा थांबवतो ते वेगळंच आहे. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधून मारणं. गुप्तधनासाठी बळी देणं. आणि नीट ऐका: साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करत बसणं. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. म्हणजे आमच्या व्याख्यानाचा विषय आम्ही घरी बसून काढलेला नाही, तो कायद्यातलाच आहे.

आता काही जण म्हणतील, "आमच्या गावच्या बाबाने मंत्र मारला आणि माणूस वाचला, डोळ्यांनी पाहिलंय." पाहिलं असेल. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. जीवघेणे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. जो वाचणारच होता तो बाबाकडे जाऊनही वाचतो आणि बाबाचं नाव होतं. मण्यार चावलेल्याला तिथं नेलं तर तो सकाळ बघत नाही, आणि मग आपण म्हणतो, "त्याचं भरलं होतं." बाबाचा हिशेब कधी चुकतच नाही. तेव्हा कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हलवाहलव कमी करायची, १०८ ला फोन लावायचा आणि सरकारी दवाखाना गाठायचा. एवढंच सांगायचं होतं आम्हाला. यात देवाचा अपमान कुठं झाला?

दुसरी गोष्ट. संविधानाच्या कलम ५१ क मध्ये नागरिकांची कर्तव्यं आहेत. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी आहे, तसा मानवतावादही आहे. पोरांच्या पुस्तकात हे छापलेलं असतं. म्हणजे पुस्तकात चालतं, परीक्षेला दोन मार्कांना चालतं, फक्त माईकवर चालत नाही!

आता जास्त जड आरोपाकडे येतो. "इथं लोकांना पाणी नाही, काम नाही, आणि तुमची कसली विवेकाची व्याख्यानं?" हा आरोप मी हसून सोडून देणार नाही. पण उत्तर आहे.

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. परळीच्या गर्भपात प्रकरणाने २०१२ ला राज्य हादरलं. तिथं मांत्रिक नव्हता, सोनोग्राफीचं मशीन होतं. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची नोंद झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी आली म्हणून फडात खाडा परवडत नाही, आणि वरून कुणीतरी सांगतं, "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल." बुवा भीती विकतो तशीच ही भीती विकली. फरक एवढाच, की हिची पावती मिळते. बालविवाहाचंही तेच. सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत बीडचा आकडा चाळीस टक्क्यांच्या वर आहे. पोरगी मागं कुणापाशी ठेवायची ही आई-बापाची भीती खरी आहे, आणि कोयत्याला जोडी लागते हा हिशेबही खरा आहे. पण त्यात पोरीला कुणी विचारलं का? माणसाची किंमत काय, हा प्रश्न पाण्याइतकाच रोजचा आहे.

आणि जात! ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. माणूस किती हालहाल होऊन मेला याच्या आधी मारणारा कोणत्या जातीचा आणि मेलेला कोणत्या जातीचा, याच्यावर बोलणारे आपल्यात कमी नव्हते. बीडच्या पोलीस अधीक्षकांना पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावावी लागली. ज्या जिल्ह्यात ही वेळ येते, तिथं माणुसकीवरच्या व्याख्यानाची गरज नाही म्हणता?

आता आमच्याच लोकांचे कान धरतो. राग आला तरी चालेल.

आपले कार्यक्रम कसे असतात? फोटोला हार, पाच भाषणं, शंभर खुर्च्या, चाळीस माणसं, आणि ती चाळीसही एकमेकांना ओळखणारी. ज्याला आधीच पटलंय त्यालाच पुन्हा पटवायचं, चहा प्यायचा, फोटो टाकायचा. बुवाबाजीवर आपण तावातावाने बोलतो, पण गावातल्या जातीच्या बहिष्कारावर बोलायची वेळ आली की आवाज बसतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धही राज्यात २०१७ पासून कायदा लागू आहे, त्यावर आपण किती सभा घेतल्या? दाभोलकरांनी शहरातल्या सभागृहात टाळ्या मिळवून काम उभं केलेलं नाही. ते गावोगाव, शाळा-शाळांत फिरले, देव मानणाऱ्यांशी न भांडता बोलले. त्यांना गोळ्या घालणाऱ्या दोघांना मे २०२४ मध्ये जन्मठेप झाली. पण त्यांचं काम आपण वर्षातून एका दिवसावर आणून ठेवलं, त्याचा खटला कुणावर भरायचा?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. हॉलच्या मागं लागू नका. दसरा झाला की टोळ्या निघतील, गावं अर्धी रिकामी होतील, मग कुणाला सांगणार? आत्ता गणपती ते दसरा गावात माणूस आहे. रात्री आठ वाजता चावडीवर, तांड्यावर, मंडळाच्या मांडवात जा. भाषण अर्धा तास, प्रश्न एक तास. एक दिवस साप आणि दवाखाना. एक दिवस बायकांसाठी गर्भपिशवी, सोबत बोलायला एखादी डॉक्टर ताई. एक दिवस पोरीचं लग्न: ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ हा नंबर फुकट लागतो, हे किती जणांना माहीत आहे? आणि प्रत्येक सभेला वेगवेगळ्या जातीचे निदान तीन जण शेजारी शेजारी बसलेले दिसू द्या. व्याख्यान त्यातच अर्धं होतं.

महाराज लोकांनाही विनंती आहे. सप्ताहात दहा मिनिटं आम्हाला द्या. आम्ही देवाबद्दल एक शब्द बोलणार नाही. तुम्ही फक्त एवढं म्हणा: साप चावला तर आधी दवाखाना, नवस नंतर. तुमच्या एका वाक्याने आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त जीव वाचतील, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

ज्याच्या गावात चावडी रिकामी आहे त्याने निरोप द्या. सतरंजी आम्ही आणू.