आणखी किती वर्षं बॅगेतून?

मंडळी, दर डिसेंबरला आपल्यातले निम्मे लोक भारतात जातात आणि प्रत्येकाच्या बॅगेत दुसऱ्याच कोणाची तरी वस्तू असते. माझ्या बॅगेत गेली दहा वर्षं मोटारसायकलचे पार्ट असतात. आधी मामांच्या राजदूत ३५० चे, मग मामांच्या मित्राचे, मग त्या मित्राच्या मिस्त्रींकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांचे. मंडळाच्या पिकनिकला मी म्हणालो, याचा रीतसर धंदा का करू नये? हशा पिकला. "नोकरी ठीक चाललीय ना रे?" एका काकांनी काळजीने विचारलं. त्या हशाला हे माझं उत्तर.

राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०. इथे अमेरिकेत ती १९७३ ते १९७५ या वर्षांत विकली गेली. भारतात एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काही वर्षं बनवली. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला, ताकद थोडी उतरवली, पण सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ५४, हे तसंच राहिलं. नाना पेठेत "बंद झालं साहेब" म्हणून जे मिळत नाही, त्यातलं बरंच काही इथल्या हौशी लोकांसाठी आजही नवं बनतं.

क्रँकचा रबरी सीलच घ्या. तो म्हातारा झाला की इंजिन बाहेरची हवा ओढतं, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, पिस्टन तापतो आणि जॅम होतो. काही डॉलरच्या सीलपायी अख्खं इंजिन जातं. मिस्त्री मग लेथवर काहीतरी जुगाड करतात. त्यांनी साठी ओलांडलीय. हात अजून सोन्यासारखे आहेत, पण पार्टवाचून गाड्या तशाच उभ्या.

आणि नुसता पार्ट नेऊनही भागत नाही. एकदा मी ऐटीत स्टँडर्ड मापाचे पिस्टन नेले. मिस्त्रींनी सिलिंडर दाखवला, तो आधीच दोनदा बोअर केलेला, ०.५० ओव्हरसाइझचा! "साहेब, मागवायच्या आधी माप विचारायचं होतं." ते पिस्टन आजही मामांच्या शोकेसमध्ये आहेत, गणपतीच्या शेजारी.

धंदा नेमका इथेच आहे. तिकडे माप घेणारा माणूस हवा, इकडे नंबर जुळवणारा. यामाहाच्या पार्ट नंबरातला पहिला गट तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढला ते सांगतो, आणि तोच भाग पुढे इतर गाड्यांतही जातो. याचा तक्ता म्हणजे साधा डेटाबेस. आपण आयुष्यभर बँकांचे आणि इन्शुरन्स कंपन्यांचे डेटाबेस बांधले, हा एक बांधायला लाज कसली?

बॅगेतली सवलत स्वतःच्या सामानासाठी असते. विकायचा माल त्यातून नेणं ही चोरवाट झाली. तिकडे आयातदाराचा आयईसी नंबर लागतो, कस्टम ड्युटी आणि जीएसटी भरावा लागतो. भरूया की! एकेक सील पाठवला तर टपालखर्चच त्याला खाईल, म्हणून मागण्या एकत्र करून एकच खोकं पाठवायचं. एच-वनवर असताना स्वतःच्या धंद्यात राबता येत नाही, हे मान्य. पण ग्रीन कार्ड खिशात घेऊन हसणाऱ्यांचं काय? बाजार लहान आहे, हेही मान्य. यात कोणी गब्बर होणार नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. दर महाराष्ट्र दिनाला कोणीतरी व्यासपीठावरून ते सांगतं आणि आपण टाळ्या वाजवतो. तेव्हा कोणी "नोकरीचं काय?" म्हणून विचारत नाही. फुकट हमाली केली की आपण "मदतीला धावणारे", आणि चार पैसे नफा लावला की "हा दुकानदार झाला"!

येत्या डिसेंबरला मी एकही पार्ट नेणार नाही. मामींना आनंद झालाय, मामा फोनवर येत नाहीत. मिस्त्रींची मुलगी बी.कॉम. आहे, तिने आयईसीसाठी अर्ज केलाय. पहिली मागणी बारा सीलची आहे. ज्यांच्या गराजमध्ये एखादं शेल्फ रिकामं असेल, त्यांनी संक्रांतीच्या कार्यक्रमात मला जरूर गाठावं.