गाडीचे तेल आणि अर्धे वाक्य

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी तेलाचा विषय निघतो तो दोन कारणांनी: एक अभ्यंगाचे, दुसरे चकलीचे. 2024 सालापासून त्यात तिसऱ्या तेलाची भर पडली आहे. त्याचे नाव निघाले की सगळे माझ्याकडे पाहतात आणि मी बशीत पाहतो. ते तेल म्हणजे मोटारीच्या इंजिनातले.

मूळ दोष वडिलांच्या फियाटचा. ती गाडी जरा चालली की मेस्त्री तिला खड्ड्यावर घेई, चेंबरखाली घमेले ठेवी आणि बोल्ट सोडी. काळ्याकुट्ट तेलाची धार पडू लागली की वडील गंभीरपणे मान हालवीत. त्या गाडीला ते गरजेचेच होते. सकाळी चोक ओढला की कार्बोरेटर पेट्रोल ओतू लागे, त्यातले न जळलेले पेट्रोल तेलात उतरे आणि तेल पातळ होई. पण आमच्या मनावर ठसले ते एवढेच, की तेल लवकर बदलणारा तो शहाणा आणि उशिरा बदलणारा तो आळशी.

त्यामुळे 2016 साली मी नवी गाडी घेतली तेव्हा मेस्त्रींनी ‘‘पाच हजारावर तेल बदलायचं, साहेब,’’ म्हणताच मी निमूटपणे मान डोलावली. मेस्त्री गेज काढीत, तेल दोन बोटांत चोळीत आणि म्हणत, ‘‘काळं पडलंय.’’ आता समजले आहे, की तेल काळे पडणे हा बिघाड नव्हे. तेलात मळ धुणारी द्रव्ये असतात. ती काजळी धरून ठेवतात, इंजिनाला चिकटू देत नाहीत, म्हणून तेल काळे होते. साबणाचे पाणी मळले म्हणून आपण साबणाला बोल लावत नाही. पण त्या वेळी मी पाच हजाराला साडेतीन लिटर तेल बदलीत राहिलो.

2019 च्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचून गाडीत दीड तास अडकलो असताना मी गाडीच्या कप्प्यातली पुस्तिका उघडली. वर्तमानपत्र बरोबर असते तर उघडलीही नसती. त्यात लिहिले होते, तेल दहा हजार कि. मी. ला बदलावे. मला कोण आनंद झाला! म्हणजे इतकी वर्षे निम्मे तेल मी फुकट घालवले होते. पुस्तिकेचे म्हणणे सयुक्तिकही होते. चोक आणि कार्बोरेटर आता गेले; इंजेक्शनमुळे पेट्रोल मोजून मिळते; इंजिनाचे भाग अधिक बारकाईने घडवलेले असतात आणि तेलही पूर्वीपेक्षा कितीतरी शुद्ध व टिकाऊ आहे. दहा हजाराचा आकडा आज पुष्कळशा पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत सापडतो.

ज्ञान झाले की ते वाटण्याची खोड मला आहे. ठाण्याच्या मेव्हण्यांनी त्याच वर्षी नवी गाडी घेतली होती. त्यांना मी ठणकावून सांगितले, ‘‘दहा हजार झाल्याशिवाय तेलाला हात लावू देऊ नका. हे मेस्त्री लोक लुटतात.’’ मेव्हणे पडले सरळ गृहस्थ. पहिल्या वर्षाची सर्व्हिस झाली, तेल बदलले गेले, आणि पुढे त्यांनी माझा शब्द पाळला.

त्यांची गाडी चाले किती? घर ते स्टेशन तीन कि. मी., पुन्हा तीन परत, रविवारी भाजी. टाळेबंदीत तर महिनोन्महिने उभीच. साडेचार वर्षांत त्या तेलावर जेमतेम सात हजार झाले.

2024 च्या जुलैत ती दोघे नाशिकला निघाली. कसाऱ्याच्या घाटात तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला. मेव्हण्यांनी विचार केला, घाट संपला की पाहू. हा विचार फार महागात पडतो. तो दिवा सर्व्हिसची आठवण करून देणारा नव्हे. तेलाचा दाब गेला, असे तो सांगतो. तो लागला की गाडी कडेला घेऊन इंजिन तत्क्षणी बंद करायचे असते. वर पोचेपर्यंत इंजिन खडखडू लागले आणि बंद पडले. पावसात, अंधारात, बहीण दोन तास रस्त्याच्या कडेला उभी होती. गाडी ओढून नेली. चेंबर उघडले तर आत डांबरासारखा गाळ. तेल ओढणारी जाळी त्याने बुजलेली, क्रँकची बेअरिंगे गेलेली. खर्च लाखाच्या घरात.

मी त्या रात्री पुन्हा पुस्तिका काढली. दहा हजार कि. मी. च्या पुढे स्वल्पविराम होता, आणि स्वल्पविरामानंतर ‘किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’. मी स्वल्पविरामाशीच थांबलो होतो.

त्यामागचे कारण ऐकण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ होऊन मागच्या नळीतून जाते, थोडे पिस्टनच्या कडेने चेंबरात उतरते. गाडी तास-दीड तास चालली तर तेल तापून ते उडून जाते. तीन कि. मी. मध्ये तेल तापतच नाही. पाणी साचते, पेट्रोल साचते, आम्ले होतात, आणि त्यांना आवरणारी द्रव्ये संपून जातात. म्हणजे पुणे-नागपूर करणाऱ्या गाडीपेक्षा स्टेशनपुरती फिरणारी गाडी तेलाला अधिक छळते. पुस्तिकेत आणखी एक पान असते, ते तर कोणीच वाचत नाही: आखूड फेऱ्या, धूळ, घाट, गर्दीत रखडणे, यांना ‘कठीण वापर’ म्हणून त्याहून लवकर तेल बदलावे. घोडबंदर रस्त्यावर तासभरात सहा कि. मी. झाले, तर इंजिन मात्र पूर्ण तासभर राबलेले असते. ते आकड्यात दिसत नाही.

आमच्या सौभाग्यवतीने हे सगळे ऐकून विचारले, ‘‘अहो, तळणाचं तेल किती चकल्या झाल्या ते पाहून टाकायचं, की किती दिवस ठेवलं ते पाहून?’’

‘‘दोन्ही पाहून,’’ मी म्हणालो.

‘‘मग एवढं मला विचारायचं होतंत.’’

हल्ली मी तारखेने चालतो. वर्षाला एकदा, फिल्टरसकट, गाडी कितीही थोडी फिरो. लांबचे फिरणाऱ्यांनी आकडा पाहावा. तेल पुस्तिकेत लिहिलेल्याच जातीचे. नव्या इंजिनांना पातळ तेल लागते, ‘जाड ते चांगले’ हा फियाटचा काळ गेला. आणि महिन्यातून एकदा, गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी गेज पाहतो: पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, वरच्या खुणेच्या वरही नको. मेव्हण्यांनी चार वर्षांत ते एकदाही काढले नव्हते. पण हे मी त्यांना बोलून दाखवू शकत नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी ओवाळणीच्या ताटात नेहमीच्या पाकिटाबरोबर दुसरे एक ठेवले.

‘‘हे कशाचं रे, दादा?’’ बहिणीने विचारले.

‘‘पुढच्या वर्षीच्या तेल-फिल्टरचं.’’

मेव्हणे वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘दादा, पाकिटावर तारीख घाला.’’