आठवा की दहावा?

दिवाळीच्या सुट्टीआधी एका पोराने मला पेचात धरले. "मास्तर, ऑक्टोपसला पाय आठ, मग ऑक्टोबर दहावा कसा?" वर्गात हशा पिकला. मला हसणाऱ्यांची कीव आली. विचार करणारा तेवढा एकच होता!

रोमन लोकांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होई. तिथून बोटे मोजा: सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. पुढे वर्षारंभ जानेवारीवर गेला, नावे मात्र तीच राहिली. आणि हे सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेकेम कोण? आपल्या सप्त, अष्ट, नव, दश यांची चुलत भावंडे!

तरी आमचे शहाणे म्हणतात, 'पंचकोन' बोजड, 'पेंटॅगॉन' सोपा! अहो, ग्रीक 'पेंटे' म्हणजे पाच, 'गोनिया' म्हणजे कोन. घडण तीच, पण घरच्याला हिणवायचे आणि पाहुण्याला पाटावर बसवायचे, ही आमची रीत!

इंग्रजीशी माझे वैर नाही. वैर आहे ते घोकंपट्टीशी. 'क्वाड्रिलॅटरल' चुकला की पोराने तो पन्नासदा लिहायचा. त्यात लॅटिनमधले 'चार' आणि 'बाजू' दडलेले आहेत, हे कोणी सांगायचे नाही. मीही कैक वर्षे सांगितले नाही. मलाच ठाऊक नव्हते. एक हुशार मुलगा इंग्रजीच्या धास्तीने शाळा सोडून गेला. ते पाप माझ्याही माथी आहे.

तेव्हा वाचकहो, फराळाला बसाल तेव्हा मुलांना हा ऑक्टोबरचा हिशेब जरूर सांगा. आणि एखाद्याने उलट प्रश्न केला, तर त्याला हसू मात्र नका!