विश्लेषण : जुन्या रेकॉर्ड फोनमध्ये आणताय? खरखर काढण्याआधी हे वाचा

आजोबांच्या काही रेकॉर्ड मी तीन वर्षांपूर्वी एका दुकानात दिल्या होत्या. ‘पेनड्राइव्हवर करून देतो, एकदम क्लीन,’ असं दुकानदार म्हणाला. काम खरंच क्लीन झालं होतं. घरी येऊन आजीला हेडफोन लावून दिला. तिने अर्धा मिनिट ऐकलं आणि विचारलं, ‘अगं, तंबोरा कुठे गेला?’

खरखर पुसताना सॉफ्टवेअरने तंबोराही पुसला होता. मी इंजिनीअर, पण आजीने विचारेपर्यंत मला ते कळलंही नव्हतं. दुकानदाराने मूळ फाइल ठेवली नव्हती. पुढे घर बदलताना त्यातल्या एका रेकॉर्डला तडा गेला. म्हणजे ते गाणं आता आमच्याकडे तंबोऱ्याशिवायच आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : हे काम घरी करा, निवडक रेकॉर्डचंच करा आणि पहिल्या फाइलला कधीही हात लावू नका. ते कसं, हे समजून घेऊ.

सगळ्याच रेकॉर्ड डिजिटल करायच्या का?

नाही. आधी प्रत्येक रेकॉर्डचं नाव स्ट्रीमिंग ॲपवर शोधा. गाजलेल्या चित्रपटगीतांच्या आणि मोठ्या गायकांच्या बऱ्याच एलपी कंपन्यांनी मूळ टेपवरून डिजिटल केल्या आहेत. घरातल्या झिजलेल्या रेकॉर्डवरून त्याहून चांगला आवाज मिळणं कठीण.

वेळेचा हिशेबही करा. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून साधारण ४० मिनिटं. हे काम घाईने होत नाही. रेकॉर्ड जेवढा वेळ वाजते तेवढा वेळ द्यावाच लागतो. साफसफाई, गाणी वेगळी करणं, नावं लिहिणं धरलं तर एका एलपीला दीड तास. १०० एलपी म्हणजे १५० तास. रोज एक तास दिला तरी पाच महिने! अशी मोहीम दहाव्या रेकॉर्डला थांबते. त्यापेक्षा कुठेच न मिळणाऱ्या वीस रेकॉर्ड निवडा : विस्मरणात गेलेले गायक, नाट्यपदं, कीर्तनं, पोवाडे.

सामान काय लागतं?

टर्नटेबल, फोनो प्रीॲम्प, ऑडिओ इंटरफेस आणि संगणक. यूएसबी टर्नटेबलमध्ये मधल्या दोन्ही गोष्टी आतच असतात.

प्रीॲम्प का लागतो? एक, टर्नटेबलच्या सुईकडून येणारा सिग्नल अगदी क्षीण, साधारण ५ मिलिव्होल्टचा असतो. दोन, एलपी कापतानाच खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. तसं केलं नाही तर खर्जाच्या कंपनांनी खाच फार रुंद होते आणि एका बाजूवर गाणी कमी मावतात. वरचे स्वर उचलल्याने वाजवताना पृष्ठभागाची सूं-सूं दाबता येते. १९५० च्या दशकात यासाठी ‘आरआयएए’ हे प्रमाण रूढ झालं. प्रीॲम्प हा बदल उलटा करून मूळ तोल परत आणतो. प्रीॲम्पशिवाय टर्नटेबल थेट लॅपटॉपला जोडलं, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येईल.

सुई झिजली असेल तर खर्च तिच्यावर आधी करा. झिजलेली सुई रेकॉर्डही कोरत जाते.

७८ ची रेकॉर्ड वेगळी का?

आजोबा-पणजोबांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या विनाइलच्या नसून बहुतांश लाखेच्या असतात. १० इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. बैठकीत तासभर चालणारा राग गायकांना त्या तीन मिनिटांत बसवावा लागे. त्या मांडणीचंही एक कसब होतं.

या तबकडीची खाच रुंद असते. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ची साधारण ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८ वर लावली, तर ती खाचेच्या तळाशी घासत फिरते आणि खरखर कितीतरी वाढते. सुई वेगळी घ्यावीच लागते.

लक्षात ठेवण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट : लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल, स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला केलेला मऊ कपडा खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल फिरवा आणि लेबल कोरडं ठेवा.

रेकॉर्डिंग करताना

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. ४० मिनिटांची स्टिरिओ फाइल साधारण ७०० एमबीची होईल. ती ‘फ्लॅक’मध्ये साठवली, तर काहीही न गमावता बरीच लहान होते. फोनवर ऐकायला ३२० केबीपीएसची एमपीथ्री करा, ती १०० एमबीच्या आत बसते. पण जपून ठेवायची ती फ्लॅकच.

आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या जागीही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. आवाज फाटला, तर तो कोणत्याही सॉफ्टवेअरने धड सांधता येत नाही. सतत घूं-घूं येत असेल, तर ती बहुधा विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीॲम्पला जोडली आहे का, ते पाहा.

मग खरखर काढायची की नाही?

इथे माझा दुकानदारांशी वाद आहे. ‘क्लिक रिमूव्हल’ हलक्या हाताने वापरायला हरकत नाही. ओरखड्याचा टक्-टक् आवाज क्षणभराचा असतो, तो वेगळा ओळखता येतो. ‘नॉइज रिडक्शन’चं तसं नाही. तुम्ही नमुना म्हणून दिलेल्या तुकड्यातला सततचा आवाज ते सगळीकडून कमी करतं. गायन सुरू होण्याआधीचा तुकडा आपल्याला ‘रिकामा’ वाटतो, पण तंबोरा बहुधा तिथेच सुरू झालेला असतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने न थांबणारा, न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट. आपल्या संगीताच्या दृष्टीने तोच पाया.

दुसरी घाई कात्रीची. भारतातल्या सुरुवातीच्या रेकॉर्ड १९०२ मध्ये कोलकात्यात मुद्रित झाल्या आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या गेल्या. त्या काळातल्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगताना ऐकू येतात. गाणं संपलं म्हणून फाइल कापणारा माणूस ते नावही कापतो.

म्हणून सुई टेकल्यापासून ती उचलेपर्यंत सगळं ठेवा. जे काही पुसायचं, कापायचं, ते दुसऱ्या प्रतीवर.

कायद्याचं काय?

भारतीय कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठीच्या वाजवी वापराला मुभा आहे. ऑनलाइन टाकणं ही वेगळी गोष्ट. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९६४ मध्ये प्रकाशित मुद्रणाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. मात्र गीत आणि चाल यांचा हक्क स्वतंत्र असतो आणि तो रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. ‘जुनं आहे, टाका यूट्यूबवर’ इतकं ते सोपं नाही.

फाइल झाली, आता रेकॉर्ड भंगारात?

मुळीच नको. उद्या अधिक चांगली सुई, अधिक चांगलं सॉफ्टवेअर येईल. तेव्हा मूळ लागेल. रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. लेबलच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि क्रमांकासह फाइलसोबत ठेवा. घरी ठेवणं शक्यच नसेल तर संग्राहकांना विचारा. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेने याच वेडापायी काम उभं केलं आहे.

‘एवढा खटाटोप कशाला, कोण ऐकणार आहे?’ असं घरात कोणीतरी म्हणेलच. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की ऐकणारं माणूस आज घरात आहे. गेल्या महिन्यात उरलेल्या रेकॉर्ड मी स्वतः करायला घेतल्या. आजी शेजारी बसली होती. कोणती रेकॉर्ड कोणत्या दिवाळीत आली, कोणत्या पदाला आजोबा मान हलवायचे, कोणत्या जागी सुई नेहमी अडकायची, हे ती सांगत गेली. मी फोनवर तिचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून घेतला आणि ती फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवली.

तिच्यामागे पंख्याचा आवाज येतोय. तो मी काढणार नाही.